मुक्त शैक्षणिक साधने विद्यापीठात वापरात यावीत म्हणून नेमके काय करावे?

प्रश्न एका राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा आहे. मुक्त शैक्षणिक साधनांच्या (ओईआर, म्हणजे कुणालाही मोफत वापरता, बदलता आणि वाटता येणारे शिक्षणसाहित्य) प्रसारासाठी विद्यापीठाने समिती नेमली आणि त्या समितीत त्या आहेत. वर्षभरात एक कार्यशाळा झाली, महाविद्यालयांना पोस्टर गेली, संकेतस्थळावर लिंकांचे एक पान तयार झाले. तरी विद्यार्थी गाइडच विकत घेतात, शिक्षक आपल्या नोट्स द्यायला राजी नाहीत आणि बहुतेक मुले मराठी माध्यमातली असल्याने इंग्रजी साहित्य त्यांच्या हाती पडूनही उपयोगाचे ठरत नाही. पुढे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

पोस्टर बाजूला ठेवा आणि अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानाकडे वळा, हे माझे पहिले सांगणे. प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाखाली संदर्भग्रंथांची यादी असते. ग्रंथालय खरेदी करताना ती बघते. प्रश्नपत्रिका काढणारा ती बघतो. विषय नव्याने हाती आलेला शिक्षक सगळ्यात आधी तीच उघडतो. गाइड काढणारे प्रकाशक तर त्या यादीवर आणि घटकांच्या मथळ्यांवरच आपले पुस्तक बेततात. त्या यादीत तुमचे मुक्त पुस्तक पहिल्या क्रमांकावर, घटकनिहाय प्रकरणांसह नसेल तर संकेतस्थळावरच्या पानावर कितीही चांगल्या लिंका द्या, जूनमध्ये वर्गात आलेल्या मुलापर्यंत त्या पोहोचत नाहीत. त्याचा प्रश्न साधा असतो: 'सर, यातून पेपरला येतं का?' आयआयटीच्या चाळीस व्याख्यानांची लिंक या प्रश्नाचे उत्तर देत नाही. 'घटक दोन, पान 31 ते 58' हे उत्तर आहे.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नुसता अभ्यासक्रम पाठवला नाही. पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी त्या अभ्यासक्रमाच्या घटकांवर बेतलेले पुस्तक लिहिले आणि 2004 पासून ते आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत मिळू लागले. ते देशभर वापरले गेले, कारण शिकवायचा घटक आणि पुस्तकातले प्रकरण एकच होते. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराचेही तेच. प्रबंध ऑनलाइन ठेवा अशी आवाहने आधीही झाली होती. पण 2009 च्या विनियमांत यूजीसीने पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे बंधनकारक केले, ते साठवायला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचे हे भांडार उभे राहिले आणि प्रबंध भराभर येऊ लागले. जे काम विद्यापीठाच्या नेहमीच्या व्यवहारात बसते तेच टिकते.

म्हणून तुमच्या समितीचे खरे ठिकाण अभ्यासमंडळाची बैठक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे अभ्यासक्रम आणि संदर्भसाहित्याची शिफारस अभ्यासमंडळाकडून येते आणि पुढे विद्यापरिषदेकडे जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे सध्या बहुतेक पेपर नव्याने लिहिले जात आहेत, याद्या अजून पक्क्या व्हायच्या आहेत. अशी संधी नेहमी येत नाही. एकदा यादी छापली की ती पुढची काही वर्षे तशीच राहते.

सुरुवात एकाच पेपरपासून करा, फार तर दोन. निवडताना मी तीन गोष्टी बघतो. विद्यार्थी भरपूर असावेत, मराठीत धड पुस्तक नसावे आणि विषय दरवर्षी बदलणारा नसावा. करविषयक कायदे, चालू अर्थसंकल्प, आयकराची कलमे हे सुरुवातीला टाळा. तुम्ही वाणिज्यच्या आहात, तेव्हा मूलभूत संख्याशास्त्राचा पेपर या तिन्ही कसोट्यांना उतरतो. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध यात पुढच्या दहा वर्षांतही काही बदलणार नाही आणि या विषयाची चांगली मुक्त पुस्तके जगात तयार आहेत.

आता परवान्याबद्दल. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण समितीतला निदान एक माणूस त्यात पक्का हवा. एखादी पीडीएफ मोफत उतरवता येते म्हणून ती मुक्त होत नाही. दूरशिक्षण केंद्रांची कितीतरी स्वयंअध्ययन पुस्तके संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, पण आत 'सर्व हक्क राखीव' असे छापलेले असते. ती वाचा, विद्यार्थ्यांना सुचवा. त्यांतले प्रकरण उचलून, बदलून आपल्या पुस्तकात घालता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने 2001 मध्ये आपले अभ्याससाहित्य जगासाठी खुले करायचे जाहीर केले आणि 2002 मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत अशा साहित्याला ओईआर हे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले, आणि जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, इतर साहित्यात मिसळणे, पुन्हा वाटणे हे हक्क लेखक आधीच देऊन ठेवू शकतो ही सोय झाली. युनेस्कोची 2019 ची शिफारस याच पायावर उभी आहे. तुमच्या धोरणाच्या मसुद्यात तिचा उल्लेख जरूर करा, विद्यापरिषदेत वजन पडते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सहा आहेत, पण मराठीत काम करणाऱ्याने दोन अटींकडे आधी बघावे. परवान्यात 'एनडी' असेल तर मूळ साहित्यात बदल करून वाटायला मनाई असते, आणि अनुवाद हा बदलच धरला जातो. म्हणजे एनडी असलेल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद तुम्हाला परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. अशा पुस्तकावर एक तासही घालवू नका. दुसरी अट 'एनसी', म्हणजे व्यावसायिक वापर नको. शिक्षकांना ही अट आवडते, कारण गाइडवाले आपले लिखाण विकतील ही धास्ती असते. पण आपल्याकडे पुस्तक मुलांपर्यंत जाते ते महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून. दुकानदार स्पायरल करून चार पैसे मिळवणारच. एनसी लावलात तर त्याचे हे काम परवान्यात बसते की नाही यावर वाद सुरू होतो, आणि विकिपीडियासारख्या प्रकल्पांनाही ते साहित्य घेता येत नाही. त्यापेक्षा 'सीसी बाय-एसए' घ्या: श्रेय द्या आणि बदलून काढलेले साहित्यही याच अटींवर खुले ठेवा. गाइडवाल्याने प्रकरण बदलून आपल्या पुस्तकात वापरले तर त्यालाही ते रूपांतर याच परवान्याखाली द्यावे लागते, आणि शिक्षकांची धास्ती बरीचशी तिथेच मिटते. सॉफ्टवेअर शिकवणारे दृकश्राव्य धडे तयार करणारा आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प याच परवान्यावर चालतो. एक खबरदारी मात्र घ्या: बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए परवान्यांचा मजकूर एकाच प्रकरणात विणता येत नाही, कारण दोघांच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत. स्वतंत्र प्रकरणे म्हणून एका संग्रहात शेजारीशेजारी ठेवता येतात.

दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्याचा दाखला तुमच्या बैठकीत कुणीतरी देईलच. 2012 मध्ये तीन मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या ओघात तयार केलेल्या कोर्सपॅकना, म्हणजे पुस्तकांतल्या निवडक भागांच्या झेरॉक्स संचांना, कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधल्या अपवादाचे संरक्षण दिले. निकाल विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पण त्याच्या आधारे कुणाच्या पुस्तकातली प्रकरणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी टाकता येत नाहीत, त्यांचा अनुवाद करून छापताही येत नाही. तो अपवाद वर्गापुरता आहे, तुम्हाला जे करायचे आहे ते वर्गाबाहेरही जाणारे आहे.

एक घटक प्रत्यक्षात कसा तयार होतो ते सांगतो, कारण शिक्षकांची भीती बहुतेक वेळा कामाचा अंदाज नसल्याने असते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स' हे पुस्तक घ्या. लेखक बार्बरा इलोव्स्की आणि सुसान डीन, परवाना सीसी बाय 4.0, म्हणजे अट फक्त श्रेय देण्याची. (ओपनस्टॅक्सच्या सगळ्या पुस्तकांचा परवाना एक नाही, काहींवर एनसीची अट आहे. प्रत्येक पुस्तकाची सुरुवातीची पाने तपासा.) दुसऱ्या प्रकरणात मध्यवर्ती मापे आहेत. व्याख्या, सूत्रे, पायऱ्या तशाच घ्या. उदाहरणे मात्र बदलाच. तिथले संदर्भ अमेरिकेतले, रकमा डॉलरमध्ये. आपल्या मुलांसाठी बाजार समितीतल्या कांद्याचे भाव घ्या. समजा पाच दिवसांचे क्विंटलचे भाव 1200, 1250, 1300, 1350 आणि 2900 रुपये आहेत. मध्य येतो 1600, मध्यक 1300. पाचपैकी चार दिवस भाव 1350 च्या वर गेलाच नाही, मग 'सरासरी 1600 मिळाले' या बातमीवर शेतकऱ्याने विश्वास ठेवावा का? लासलगाव, पिंपळगाव भागातून आलेला मुलगा हे उदाहरण विसरत नाही. घरात याच आकड्यांवर बोलणे होत असते, आणि मध्यक कशासाठी लागतो हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

परिभाषेसाठी नवे शब्द पाडत बसू नका. बालभारतीच्या दहावीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक हेच शब्द मुले शिकून आलेली असतात. तेच ठेवा आणि प्रत्येक संज्ञा पहिल्यांदा येते तिथे इंग्रजी शब्दही द्या, कारण पुढे नोकरीत आणि एक्सेलमध्ये तोच भेटणार आहे. बालभारतीत नसलेल्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. यंत्रानुवादाचा पहिला खर्डा घ्यायला माझी हरकत नाही, वेळ वाचतो. पण यंत्र एकाच प्रकरणात एका संज्ञेला तीन प्रतिशब्द देते, म्हणून संज्ञांची यादी आधी ठरवून मगच तपासणीला बसा.

टंकाचा प्रश्न वेगळा, आणि आपल्याकडे तो सगळ्यात जास्त वेळ खातो. शिक्षकांच्या जुन्या नोट्स डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये झालेल्या असतात. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसते. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक चिन्हांची रांग उमटते. असा मजकूर शोधात सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या फोनमधले वाचक सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. असा मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतात आणणारी परिवर्तके मिळतात, पण त्यानंतर प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावेच लागते. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते, टक्क्याचे चिन्ह भलतेच काही बनते. या कामासाठी मानधन देऊन मराठी विभागातले विद्यार्थी घ्या. ते चांगले करतात आणि त्यांना मुद्रितशोधनाचा अनुभव मिळतो.

चित्रांबाबत कडक राहा. मजकूर स्वतःचा आणि आलेख कुठल्यातरी परदेशी पुस्तकातून स्कॅन केलेला, असे सर्रास असते. आकडेवारी आणि कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो. तेव्हा आलेख स्वतःच्या आकड्यांवर पुन्हा काढा. प्रकरणाच्या पहिल्या पानावर श्रेय लिहा, साधारण असे: 'ओपनस्टॅक्सच्या इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स (लेखक बार्बरा इलोव्स्की, सुसान डीन) या पुस्तकातील दुसऱ्या प्रकरणावर आधारित मराठी रूपांतर. मूळ परवाना सीसी बाय 4.0. उदाहरणे व स्वाध्याय बदलले आहेत.' सोबत मूळ पुस्तकाची लिंक, रूपांतर करणाऱ्या शिक्षकाचे नाव, आवृत्तीची तारीख आणि तुमचा परवाना. पीडीएफबरोबर संपादन करता येईल अशी फाइलही द्याच. नुसती पीडीएफ दिली की बदलण्याचा हक्क कागदावर राहतो, पुढच्या शिक्षकाला सगळे पुन्हा टाइप करावे लागते.

दृकश्राव्य साहित्य करायचे असेल तर स्पोकन ट्युटोरियलची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. धडा साधारण दहा मिनिटांचा. आधी दोन रकान्यांची संहिता, एकात पडद्यावर काय दिसते आणि दुसऱ्यात काय बोलायचे ते. विषय न येणाऱ्या माणसाकडून ती तपासून घेतात आणि मगच ध्वनिमुद्रण होते. मराठीत आणताना पडदा तोच राहतो, फक्त आवाज बदलतो. त्यामुळे एका धड्याचा मराठी अवतार करायला चित्रीकरणाचा खर्चच येत नाही. वाणिज्यच्या मुलांना स्प्रेडशीट शिकवायला लिब्रेऑफिस कॅल्कचे धडे तिथे तयार आहेत.

आता शिक्षकांची नाराजी. 'फुकटात का द्यायचे' हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून झटकू नका, त्यामागे खरी कारणे आहेत. नियमित शिक्षकाला पदोन्नतीचे गुण हवे असतात. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांतल्या तक्त्यात चार भागांत रचलेल्या संपूर्ण ई-अभ्यासक्रमाला 12 गुण आहेत, एका घटकाला 5, आणि भारतीय भाषांतल्या अनुवादात पुस्तकाला 8, प्रकरणाला 3. ही तरतूद पुष्कळ शिक्षकांना ठाऊकच नसते. पण 'चार भाग' म्हणजे व्हिडिओ, मजकूर, चर्चा आणि मूल्यमापन असे सगळे हवे. नुसत्या मजकुराला छाननी समिती गुण नाकारू शकते. म्हणून सध्या लागू असलेले नियम बघून, काम सुरू होण्याआधीच आयक्यूएसीकडून, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून, लेखी घ्या की कोणते काम कोणत्या रकान्यात धरले जाईल. काम झाल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. मुक्त परवान्याच्या पुस्तकालाही आयएसबीएन मिळतो आणि भारतात त्याला शुल्क नाही. विद्यापीठ प्रकाशक म्हणून तो घेऊ शकते.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे मात्र वेगळे आहे, आणि याबाबत मला मनापासून बोलायचे आहे. महाविद्यालयांत प्रत्यक्ष शिकवण्याचा मोठा भार त्यांच्यावर आहे. नोट्स त्यांच्याचकडे सगळ्यात ताज्या असतात, आणि पदोन्नतीचे गुण त्यांच्या कामाचे नाहीत. त्यांच्याकडून 'सेवाभावाने' प्रकरणे मागणे हा अन्याय आहे. घटकागणिक मानधन ठरवा, करारपत्र करा, पहिल्या पानावर नाव द्या. हा खर्च अर्थसंकल्पात धरला नसेल तर समितीने पेपरची संख्या कमी करावी, मानधन कमी करू नये.

हक्क कुणाचा, हेही आधी मिटवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या लिखाणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता ठरू शकतो. शिक्षकाच्या नोट्स त्यात येतात की नाही यावर मतभेद होतात. त्यात अडकण्यापेक्षा विद्यापरिषदेकडून आणि पुढे व्यवस्थापन परिषदेकडून दोन पानांचे धोरण मंजूर करून घ्या: लिखाणाचा हक्क लेखक-शिक्षकाकडे राहील, विद्यापीठाच्या पैशाने तयार झालेले साहित्य सीसी बाय-एसए परवान्याखाली खुले होईल, प्रत्येक पेपरच्या यादीत उपलब्ध असल्यास निदान एक मुक्त साधन असेल. लांबलचक धोरणे बैठकीत पुढे ढकलली जातात.

ग्रंथपालांना समितीत घ्या, आणि सदस्य-सचिव करा. फाइल कायमच्या पत्त्यावर ठेवणे, आवृत्त्या सांभाळणे, मेलेल्या लिंका बदलणे हे त्यांचेच कौशल्य आहे. बहुतेक विद्यापीठांत डीस्पेससारख्या सॉफ्टवेअरवर डिजिटल भांडार आधीच चालू असते. त्यांच्याशी बोलताना एक गल्लत टाळा. 2025 पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना संशोधकांसाठी उत्तम आहे, पण ती सरकारने पैसे भरून घेतलेली वर्गणी आहे. त्यातले लेख पात्र संस्थांतल्या लोकांना वाचता येतात. ते बदलून पाठ्यपुस्तकात घालण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. प्रशासन 'आता सगळे मोफत झाले' म्हणून तुमची समिती गुंडाळायला निघाले तर हा फरक त्यांना दाखवा.

वाटपाच्या बाबतीत साधे राहा. प्रकरणागणिक छोटी फाइल, व्हॉट्सअॅपवर सहज जाईल एवढी. अक्षर फोनवर वाचता येईल असे. ग्रंथालयात छापील प्रती, आणि झेरॉक्सच्या दुकानात मूळ फाइल तुम्हीच नेऊन द्या, म्हणजे तिसऱ्या पिढीची धूसर प्रत फिरणार नाही.

यश मोजायला डाउनलोडचे आकडे कुचकामी आहेत, एकच मुलगा फाइल उतरवतो आणि साठ जणांना पाठवतो. सत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या पेपरच्या वर्गात एक चिठ्ठी फिरवा. नाव विचारू नका. तीनच प्रश्न: या विषयाचे पुस्तक आज तुमच्याकडे आहे का, ते कोणते, आणि त्यावर किती रुपये खर्च झाले? मुक्त पुस्तक यादीत येण्याआधीच्या सत्रात एकदा आणि आल्यानंतरच्या सत्रात एकदा, त्याच महाविद्यालयांत. पुढच्या पेपरसाठी मानधन मागायला व्यवस्थापन परिषदेपुढे जाल तेव्हा या दोन चिठ्ठ्यांतली तफावत सोबत न्या.